गाडीची दिशा आणि गाडीची दृष्टी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी त्यांना सांगितले, की मोटारगाडीवर बोलणार आहे. ते जरा चपापले. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर मोटारगाडीचे काय काम, असे त्यांच्या मनात आले असावे. पण या सभागृहात बसलेल्या पालकांकडे आपण एकदा नजर टाका. कुणी टॅक्सी चालवतो, कुणी रिक्षा, कुणाचा टेम्पो आहे, कुणी आखातात ट्रेलरवर दहा-बारा वर्षे काढून परत आला आहे, कुणाचे हायवेला लागून गॅरेज आहे. आपल्या किती घरांच्या चुली चाकांवर पेटतात याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. पण तो लहान निघणार नाही हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

पूर्वी ड्रायव्हरची किंमत त्याच्या रस्त्यांच्या माहितीवर ठरत असे. मुंबईतला जुना टॅक्सीवाला गल्लीचे नाव घेतले की कोपऱ्यावरची इराण्याची चहाची दुकानेही सांगत असे. ती माहिती मिळवायला त्याला पंधरा-वीस वर्षे लागत. आज काल गावाहून आलेला मुलगा मोबाईल समोर लावतो आणि त्याच गल्लीत बिनचूक पोहोचतो. म्हणजे वडिलांची पंधरा वर्षांची कमाई त्या चार बोटांच्या काचेत गेली. ती तिथे कुणी घातली, कशी घातली, आणि आता आपल्या मुलांच्या हाती कोणती विद्या उरली, हा माझा आजचा विषय आहे.

आपण कुठे आहोत हे कळण्याचे मार्ग दोनच. एक म्हणजे बाहेरच्या कुणाला तरी विचारणे. दुसरा म्हणजे आपली पावले मोजणे. प्राचीन काळापासून माणसाने बाहेर विचारायचे ते आकाशालाच विचारले. अल्-बिरूनी हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल, पण बहुधा ‘भारताचे वर्णन करणारा प्रवासी’ एवढेच. हा मनुष्य मुळात गणिती. सध्याच्या पाकिस्तानातील पंजाबात नंदना नावाचा किल्ला आहे. इसवी सन १०१८ च्या सुमारास तिथल्या डोंगराची उंची त्याने मोजली, मग शिखरावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते तो कोन मोजला, आणि एवढ्या दोन मापांवरून पृथ्वीची त्रिज्या काढली. शहरांची स्थाने निश्चित करण्यावर त्याने एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, ‘तहदीद निहायात अल्-अमाकिन’. गझनीची किब्ल्याची दिशा नक्की करणे हे त्यामागचे एक कारण होते. आज आपण मोबाईलवर बोट ठेवून किब्ला पाहतो, तेव्हा त्याच गणिताचे उत्तर आयते मिळत असते. बिरूनीचे नाव घेऊन मला तुमच्याकडून टाळ्या घ्यायच्या नाहीत. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा अभिमान बाळगायला काही शिकावे लागत नाही. त्याचे त्रिकोणमितीचे उदाहरण सोडवायला मात्र शिकावे लागते.

आता आपल्या जवळच्या काळात येऊ. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. तो बीप बीप असा आवाज पाठवीत पृथ्वीभोवती फिरत होता. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ होते. त्यांनी रेडिओ लावून तो आवाज ऐकला, ध्वनिमुद्रित केला. रेल्वे फलाटावर उभे असताना शिट्टी वाजवीत येणारी गाडी जवळ येते तेव्हा शिट्टी बारीक वाटते आणि पुढे निघून गेली की जाडी होते, हे तुम्ही ऐकले आहे. याला डॉप्लरचा परिणाम म्हणतात. स्पुटनिकच्या बीपमध्येही तोच फरक पडत होता, आणि त्या फरकावरून या दोघांनी एका जागी बसून उपग्रहाची संपूर्ण कक्षा काढून दाखवली. ही गोष्ट १९५८ च्या मार्च महिन्यात फ्रँक मॅक्लूर या त्यांच्या वरिष्ठांच्या कानावर होती. त्यांनी दोघांना बोलावून प्रश्न केला: तुम्हाला तुमची जागा माहीत होती म्हणून तुम्ही उपग्रहाची जागा काढलीत, उपग्रहाची जागा माहीत असेल तर तुमची काढता येईल का? हिशेब केला तर उत्तर आले, येईल.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रसंगात नवे यंत्र कुणी बनवले नाही. उदाहरण तेच होते. ‘दिलेले’ आणि ‘काढायचे’ यांची जागा बदलली. वहीत भूमितीचा प्रमेय सिद्ध करून झाला की त्याचा व्यत्यासही खरा आहे का, असे मास्तर विचारतात आणि आपण कंटाळतो. तो प्रश्न कंटाळण्यासारखा नसतो.

त्यातून अमेरिकेच्या नौदलासाठी ट्रान्झिट ही यंत्रणा झाली. तिचा उपग्रह १९६० साली वर गेला, आणि १९६४ पासून पाणबुड्या आपली जागा त्यावरून ठरवू लागल्या. परंतु उपग्रह माथ्यावरून जाईपर्यंत वाट पाहावी लागे. कधी तास, कधी त्याहून अधिक. समुद्रात संथ चालणाऱ्या जहाजाला हे चालते, धावत्या गाडीला चालत नाही. म्हणून १९७३ मध्ये नव्या यंत्रणेचा आराखडा ठरला, आणि २२ फेब्रुवारी १९७८ रोजी तिचा पहिला उपग्रह सुटला. हीच आपली जी. पी. एस.

ती कशी चालते हे थोडक्यात समजून घ्या, कारण पुष्कळांचा समज असा की उपग्रह आपल्याकडे पाहत असतो. तो पाहत नाही. त्याला आपला पत्ताही नसतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह एकच गोष्ट सांगत राहतो: मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात अमुक वाजले आहेत. गावात बांगी अझान देतो तसा. ऐकणारे किती आणि कोण, हे त्याला कळत नाही. गाडीतले यंत्र ती हाक ऐकते, ती पोहोचायला किती वेळ लागला ते पाहते, आणि वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणून अंतर काढते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा निश्चित होते. चौथा लागतो तो आपल्या यंत्रातले घड्याळ स्वस्तातले असते म्हणून. त्याची चूक चौथ्याच्या मदतीने काढून टाकावी लागते.

सगळी मदार घड्याळावर आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा ३०० मीटरने चुकते. म्हणजे शाळेऐवजी पुढच्या मोहल्ल्यात. त्यासाठी उपग्रहात अणुघड्याळे बसवतात. आणि इथे एक फार मौजेची गोष्ट आहे. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताप्रमाणे गुरुत्वाकर्षण कमी असेल तिथे घड्याळ पुढे पळते, आणि वेगाने फिरणारे घड्याळ मागे पडते. उपग्रहातील घड्याळ पहिल्या कारणाने दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते, दुसऱ्याने ७ मायक्रोसेकंद मागे पडते. निव्वळ फरक ३८. हा फरक न काढला तर एका दिवसात सुमारे ११ किलोमीटरचा घोळ साचेल. १९७७ साली चाचणीचा उपग्रह सोडताना काही अभियंत्यांना या सिद्धान्ताबद्दल शंका होती. म्हणून दुरुस्तीचा भाग त्यांनी बंद ठेवून पाठवला आणि लागलाच तर चालू करू असे ठरवले. सुमारे वीस दिवस घड्याळाचे निरीक्षण केले. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये कागदावर मांडले होते तसेच घड्याळ पुढे पळाले, आणि दुरुस्ती चालू करावी लागली. ‘या गणिताचा व्यवहारात काय उपयोग’ असे विचारणाऱ्या पालकांसाठी मी हे मुद्दाम सांगितले.

ही यंत्रणा लष्कराची होती. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून रशियाच्या हद्दीत शिरले आणि ते पाडण्यात आले. २६९ माणसे गेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केले, की यंत्रणा पूर्ण होताच सर्वांना वापरता येईल. १९९५ मध्ये ती पूर्ण झाली. तरी सामान्यांसाठीच्या संकेतात मुद्दाम चूक घातलेली होती, सुमारे १०० मीटरपर्यंतची. ती मे २००० मध्ये काढून टाकली, आणि मोटारींतील नकाशांचा धंदा जगभर उभा राहिला तो तेव्हापासून.

आता मी एका बाईंविषयी बोलणार आहे, आणि आमच्या मुलींनी व त्यांच्या आयांनी हे जरा लक्ष देऊन ऐकावे.

ग्लॅडिस वेस्ट यांचा जन्म १९३० साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. थोडीशी शेती, घरातल्या सगळ्यांनी शेतात राबायचे. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. आसपास दुसरे काम म्हणजे तंबाखूचा कारखाना. मुलीने लहानपणीच ठरवले, की आपण या दोन्हींत अडकायचे नाही. शाळेत पहिल्या येणाऱ्यांना राज्याच्या कॉलेजची शिष्यवृत्ती मिळे. ती पहिली आली. गणित घेतले, कारण ते कठीण समजले जात होते. काही काळ शिक्षिकेची नोकरी केली, आणि १९५६ मध्ये डाल्ग्रेन येथील नौदलाच्या केंद्रात गणिती म्हणून रुजू झाली. तिथे नेमली गेलेली ती दुसरी कृष्णवर्णीय स्त्री.

तिचे काम काय होते? पृथ्वीचा खरा आकार काढण्याचे. आपण पृथ्वी गोल म्हणतो, पण ती नेमकी गोल नाही. समुद्राची पातळीसुद्धा सगळीकडे सारखी नसते. आपल्या भारताच्या दक्षिणेस हिंदी महासागरात ती गणिताने आखलेल्या गुळगुळीत पृथ्वीपेक्षा सुमारे १०० मीटर खाली आहे. हे उंचसखलपण ठाऊक नसेल तर उपग्रहाची कक्षा चुकते आणि त्यावरून काढलेली जमिनीवरची जागाही चुकते. वेस्ट यांनी उपग्रहांनी घेतलेल्या मोजमापांवरून, त्या वेळच्या खोलीएवढ्या संगणकांना सूचना लिहून, पृथ्वीचा अधिकाधिक अचूक आकार काढला. असे ४२ वर्षे. १९९८ मध्ये त्या निवृत्त झाल्या, पक्षाघाताचा झटका आला, त्यातून सावरल्या आणि २००० साली, सत्तरीला आलेल्या असताना, पीएच. डी. झाल्या. २०१८ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने त्यांचा सन्मान केला. तोपर्यंत त्यांचे नाव बाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते.

मी पालकांना एवढेच विचारतो. मुलगी दहावीला गणितात चांगले गुण घेऊन येते आणि घरातले म्हणतात, ‘आता पुरे, गणित घेऊन काय करायचे आहे?’ हे वाक्य मी आपल्याच लोकांत ऐकले आहे, आणि शिकलेल्या लोकांकडून ऐकले आहे. त्या शेतकऱ्याच्या घरात ते वाक्य कुणी बोलले असते, तर तुमच्या मोबाईलमधल्या नकाशाचा एक खांब दुसऱ्या कुणाला तरी उभा करावा लागला असता.

आपल्या देशाचीही स्वतःची यंत्रणा आहे. तिचे नाव ‘नाविक’. निदान नाव तरी आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. इस्रोने तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला आणि २०१६ पर्यंत सात उपग्रह वर नेले. भारत आणि सभोवतालचा सुमारे १५०० किलोमीटरचा टापू हे तिचे क्षेत्र. पण पहिल्याच उपग्रहातील तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. ती परदेशातून आणलेली होती. त्याच्या जागी २०१७ मध्ये दुसरा उपग्रह पाठवला, तर अग्निबाणाच्या टोकावरचे आवरण सुटलेच नाही आणि उपग्रह आतच अडकला. मग २०२३ च्या मे महिन्यात गेलेल्या उपग्रहात अहमदाबादच्या केंद्रात तयार केलेले आपले रुबिडियम घड्याळ होते. २०२५ च्या जानेवारीत त्यापुढचा गेला, पण एक झडप उघडली नाही म्हणून तो ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. वर्तमानपत्रे अशा वेळी एक तर ढोल वाजवतात नाही तर नाके मुरडतात. मला दोन्ही पटत नाही. घड्याळ बंद पडले तर घड्याळ करायला शिकणे, हाच खरा उद्योग; आणि त्यात ज्यांची आयुष्ये गेली त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

कोकणातल्या मच्छीमार बांधवांनी २०१७ चे ओखी वादळ पाहिले आहे. होडी किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर पलीकडे गेली की मोबाईलला आवाज येत नाही, मग वादळाची खबर कशी द्यावी? २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचे उपकरण आले. आपल्या ‘गगन’ यंत्रणेच्या उपग्रहावरून आलेला इशारा ते खोल समुद्रात पकडते आणि मोबाईलवर दाखवते. त्यातून उलट निरोप धाडता येत नाही, ही त्याची उणीव. 

हे झाले आकाशाला विचारणे. पण कशेडीच्या बोगद्यात गाडी शिरली की आकाश बोलत नाही. उपग्रहाची हाक इतकी क्षीण असते, की डोंगर राहोच, इमारतीचा स्लॅबसुद्धा तिला पुरतो. तिथे दुसरा मार्ग धरावा लागतो, पावले मोजण्याचा. आणि गंमत अशी, की मोटारींमध्ये हा मार्ग उपग्रहाच्या आधी आला. १९८१ मध्ये जपानच्या होंडा कंपनीने एक यंत्र काढले. त्यात वळण ओळखणारा जायरो होता, आणि पडद्यावर पारदर्शक नकाशा हाताने सरकवावा लागे. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘एटॅक’ नावाचे यंत्र आले. त्याचे नकाशे चक्क कॅसेटवर होते, गाणी ऐकण्याच्या कॅसेटसारखे. चाकांचे फेरे मोजायचे, होकायंत्रावरून दिशा घ्यायची, आणि गाडी शेतातून जाऊ शकत नाही, रस्त्यावरूनच जाणार, या साध्या विचाराने जमलेली चूक नकाशावर पुसून टाकायची. हा विचार आजही प्रत्येक मोबाईलमध्ये आहे. गाडीतच उपग्रहाचे यंत्र बसवून आलेली पहिली मोटार जपानची माझदा, ती १९९० मध्ये.

पावले मोजण्याच्या कामात प्रकाश कसा आला ते पाहा. जॉर्ज सान्याक नावाच्या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये फिरत्या टेबलावर आरसे लावले आणि प्रकाशाचे दोन झोत एकाच वाटेने उलटसुलट फिरवले. टेबल फिरत असेल तर फिरण्याच्या दिशेने जाणाऱ्या झोताला किंचित अधिक वेळ लागतो, विरुद्ध जाणाऱ्याला किंचित कमी. दोघे एकत्र आले की हा फरक उजेड-अंधाराच्या पट्ट्यांत दिसतो. सान्याकला यातून ‘ईथर’ नावाचा पदार्थ आहे हे सिद्ध करायचे होते. ईथर नाहीच. पण त्याचा प्रयोग खरा होता आणि तो पन्नास वर्षे पुस्तकात पडून राहिला. १९६० मध्ये लेसर निघाला, १९६३ मध्ये लेसरचा जायरो झाला, १९७६ मध्ये अमेरिकेतील यूटाह विद्यापीठात वाली आणि शॉर्टहिल यांनी आरशांऐवजी काचतंतूचे वेटोळे वापरले. त्या वेटोळ्यात एकही भाग हलत नाही, तरी विमानाचे बारीकसे वळण त्याला कळते. विमाने, जहाजे, अग्निबाण यांत आज हेच चालते. आपल्या गाडीत आणि मोबाईलमध्ये मात्र सिलिकॉनचा कंप पावणारा स्वस्त जायरो असतो; किमतीपुढे प्रकाशाचेही चालत नाही.

काचतंतू म्हटला की नरिंदरसिंग कपानी यांचे नाव घेतलेच पाहिजे. पंजाबातील मोग्याचा जन्म, आग्र्याचे शिक्षण. प्रकाश सरळ रेषेतच जातो हे शाळेत मास्तरांनी सांगितलेले त्यांना पटले नव्हते, असे ते स्वतः सांगत. लंडनला जाऊन १९५४ मध्ये त्यांनी हॉपकिन्स या प्राध्यापकांबरोबर काचतंतूंच्या जुडीतून चित्र वळवून नेऊन दाखवले. काचतंतूवरील कामाचे नोबेल २००९ मध्ये चार्ल्स काव यांना मिळाले, कपानींना नाही. आपल्या सरकारने पद्मविभूषण दिले ते २०२१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

प्रकाश काचतंतूत कोंडला कसा राहतो? काचेतून हवेकडे निघालेला किरण फार तिरका असेल तर बाहेर पडत नाही, आतल्या आत परततो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. अकरावी-बारावीच्या मुलांना हे ठाऊक आहे. आता नव्या गाडीत पाऊस पडू लागला की वायपर आपोआप सुरू होतो, त्याचे रहस्यही हेच. आरशामागे काचेला चिकटलेली छोटी डबी असते. ती डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश साधारण ४५ अंशांत काचेत सोडते. काच कोरडी असेल तर ४२ अंशांपुढचा प्रकाश परत फिरतो, म्हणून सगळा प्रकाश डबीत येतो. थेंब पडला की त्या जागी हवेऐवजी पाणी येते. पाण्यासाठी ही मर्यादा ६२ अंशांच्या पुढे जाते, आणि ४५ अंशांचा प्रकाश थेंबातून निसटतो. परत येणारा प्रकाश घटला, म्हणजे पाऊस आला. रेशन दुकानात अंगठा घेणारी बरीच यंत्रेही याच नियमावर चालतात. अंगठ्याच्या रेषांचे उंचवटे जिथे काचेला टेकतात तिथे प्रकाश निसटतो, आणि तेवढ्याच रेषा काळ्या दिसतात. भांडी घासून, विटा उचलून ज्यांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा म्हणूनच लागत नाही. दोष त्या हातांचा नाही. यंत्र करणाऱ्याने ते हात पाहिले नव्हते.

वायपरचा विषय निघाला म्हणून रॉबर्ट कर्न्स यांचे सांगतो. हे अमेरिकेत अभियांत्रिकी शिकवणारे गृहस्थ. पापणी सतत हलत नाही, थांबून थांबून लवते, तसा वायपर का असू नये, असे त्यांच्या मनात आले. १९६४ मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला. फोर्ड कंपनीला यंत्र दाखवले. कंपनीने पुढे त्यांना बाजूला केले, आणि १९६९ पासून तसे वायपर तिच्या गाड्यांत येऊ लागले. कर्न्स कोर्टात गेले. १९९० मध्ये फोर्डने त्यांना १ कोटी २ लाख डॉलर दिले. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीविरुद्धही ते जिंकले. पण तोवर त्यांचा संसार मोडला होता. पेटंटचा कागद हाती असताना ही गत; ज्याच्याकडे कागदच नाही त्याचे काय होत असेल? आपल्या गॅरेजांतून मी असे जुगाड पाहिले आहेत, की थोडे लिहिता-आखता आले असते तर त्यांची नोंद झाली असती. भारतात पेटंट २० वर्षे चालते, आणि शिक्षणसंस्थेने अर्ज केल्यास २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सवलत आहे. हे आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीने टिपून ठेवावे.

उपग्रह रस्ता सांगतो, रस्त्यावरचे मूल सांगत नाही. त्यासाठी गाडीला डोळा हवा. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो ओळीने बाहेर काढणारी सी. सी. डी. चकती कल्पिली, म्हणजे फिल्मशिवाय कॅमेरा. त्यांनाही २००९ चे नोबेल मिळाले. शिवाय लेसरचा झोत सोडून तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजणारे लायडार आले. २००४ मध्ये अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात बिनड्रायव्हरच्या गाड्यांची शर्यत लावली होती. सर्वांत पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरही गेली नाही, लोक हसले. पुढच्याच वर्षी २१२ किलोमीटरचे अंतर पाच गाड्यांनी पुरे केले, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची गाडी पहिली आली. उपग्रह तेच होते, वाळवंट तेच होते. गाडीने आपले डोळे कसे वापरावे हे एका वर्षात सुधारले.

म्हणून पालकांना मी सांगतो ते स्पष्ट सांगतो. ड्रायव्हिंगचे काम उद्या बंद पडणार असे भय मी घालत नाही. आपले रस्ते ज्यांनी पाहिले आहेत ते तसे म्हणणार नाहीत. पण गॅरेजचे काम आजच बदलले आहे. नव्या गाडीची पुढची काच फुटली तर ती नुसती बसवून भागत नाही. पावसाच्या डबीखालच्या जेलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर वायपर कोरड्या काचेवर नाचतो. काचेमागचा कॅमेरा एखाद्या अंशाने तिरका बसला तर गाडी शेजारच्या लेनला आपली लेन समजते. तो पुन्हा नेमका लावायला ठराविक अंतरावर तक्ते मांडून कोन जुळवावे लागतात. हे पान्याचे काम नाही, भूमितीचे आहे. जो मुलगा आठवीतून काढून गॅरेजला लावला, तो पाने देत राहील. जो दहावी करून आय. टी. आय. किंवा डिप्लोमाला गेला, तो कॅमेरा लावील आणि त्याची मजुरी घेईल. दोघांचे हात सारखेच काळे होतील, एवढे मात्र खरे.

एक गोष्ट विसरू नका. उपग्रह आपल्याला पाहत नाही असे मी म्हटले; पण आपली जागा कळल्यावर मोबाईल ती पुढे कुणाला देतो, ही वेगळी गोष्ट. नव्या टॅक्सी आणि बसगाड्यांत स्थान कळवणारे यंत्र व धोक्याचे बटण बसवण्याचा केंद्र सरकारचा नियम १ जानेवारी २०१९ पासून आहे. रात्री एकट्या प्रवास करणाऱ्या लेकीबाळींसाठी तो चांगलाच आहे. मात्र मुलांच्या मोबाईलमध्ये कोणकोणते खेळ त्यांची जागा विचारत असतात, हे आई-वडिलांनी एकदा बसून पाहावे. न कळत दिलेली जागा आणि समजून दिलेली जागा यांत फरक आहे.

आता मुलांसाठी घरचा प्रयोग. काचेचा साधा, नक्षी नसलेला पेला पाण्याने भरा. तो हाती न धरता टेबलावर ठेवा. वरून पाण्यातून पेल्याच्या आतल्या बाजूला तिरके पाहा. ती चांदीसारखी चकाकताना दिसेल. पलीकडून कोरडे बोट काचेजवळ आणा. दिसणार नाही. आता बोट ओले करून काचेवर घट्ट दाबा. बोट तर नाही, पण त्याच्या रेषा स्पष्ट उमटलेल्या दिसतील. पाऊस ओळखणारी डबी आणि रेशनचे यंत्र, दोन्ही त्या पेल्यात आहेत. असे का होते ते सोमवारी विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा. वर्गात कोन मोजून दाखवता यावा म्हणून काचेचे दोन लोलक आणि एक मोठा कोनमापक मी मुख्याध्यापक साहेबांकडे देऊन जात आहे.